वहीत नसलेले पिठले

आई गेल्यानंतर तिच्या कपाटातली एक वही माझ्याकडे आली. दोनशे पानी, शिवण उसवलेली, कोपऱ्यांवर तेलाचे डाग. पहिल्या पानावर 'श्री' आणि त्याखाली लगेच शंकरपाळे. मी एका दुपारी बसून कृती मोजल्या. ८७ भरल्या. त्यांत चकलीच्या चार, अनारशांच्या तीन, लोणच्यांच्या अकरा. जवळपास प्रत्येक कृतीच्या डोक्यावर ती कुणाकडून आली ते लिहिलेले आहे : वरच्या मजल्यावरच्या काकूंची भाजणी, धाकट्या वन्संचा मेथांबा, ऑफिसातल्या मैत्रिणीचा बिनअंड्याचा केक. दोन-तीन ठिकाणी नुसतेच 'रेडिओ' असे आहे. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरच्या 'वनिता मंडळा'त सांगितलेल्या कृती ती घाईघाईने उतरवून घेत असे. त्या पानांवरचे अक्षर पळत गेलेले आहे.

मी शोधत होतो पिठले. ते नव्हते. वरण नव्हते, आमटी नव्हती, भाकरी नव्हती, कोबीची भाजी नव्हती. पन्नासएक वर्षे दिवसातून दोनदा तिने जे रांधले, ज्यावर आम्ही भावंडे वाढलो, त्यातले काहीच त्या वहीत नव्हते. जे वर्षातून एकदा व्हायचे ते मात्र सगळे होते.

जुनी पुस्तके चाळण्याची सवय असल्यामुळे हा प्रश्न माझ्या घरापुरता राहिला नाही. मराठी माणसाच्या खाण्याविषयी लेखी काय काय उरले आहे ते पाहू लागलो तेव्हा लक्षात आले की आईची वही अपवाद नव्हे. आठ-नऊशे वर्षांची परंपराच तशी आहे. सण लिहिला गेला, रोजचे राहिले. मग रोजचे कुठे होते? माझे उत्तर असे की ते बोलण्यात होते. आणि ज्या ज्या वेळी हे बोलणे कुठेतरी तुटले, त्या त्या वेळी पाकपुस्तक जन्माला आले.

राजाचे ताट

सुरुवात वरच्या टोकापासून करू. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. ग्रंथ संस्कृत; पण राज्य आजच्या कर्नाटक-महाराष्ट्रावर पसरलेले, त्यामुळे त्यातल्या 'अन्नभोग' या प्रकरणात आपल्या ओळखीची नावे भेटतात. मंडक म्हणजे आपले मांडे, पोलिका म्हणजे पोळी. मांसाचे नाना प्रकार आहेत, भाजलेले उंदीरही आहेत. पण प्रकरणाचे नावच सांगते की हा राजाने घ्यायचा भोग आहे. स्नान, तांबूल, विलेपन यांच्या रांगेत अन्न येते. राजवाड्याच्या भटारखान्यात राबणारा माणूस रात्री घरी जाऊन काय खात असे, हा त्या ग्रंथाचा विषय नाही.

पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रघुनाथ या मराठी पंडिताने 'भोजनकुतूहल' रचले. तेही संस्कृतात, पण पदार्थांची देशी नावे देत देत. पुण्याच्या भांडारकर संस्थेतल्या हस्तलिखितांचे अभिरक्षक परशुराम कृष्ण गोडे यांनी या ग्रंथाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले. जिलेबी केव्हापासून, ज्वारी केव्हापासून, अशा प्रश्नांवर गोड्यांनी लिहिलेले लेख आजही वाचनीय आहेत. कारण खाण्याच्या पदार्थालाही सनावळी असते, हे आपल्याकडे त्यांच्याइतक्या चिकाटीने फार थोड्यांनी दाखवले. रघुनाथाचा आधार मात्र आयुर्वेदाचा आणि धर्मशास्त्राचा. कोणते धान्य वातुळ, कोणती भाजी पथ्यकर, कोणत्या तिथीला काय वर्ज्य. शास्त्राने ताटाकडे पाहिले. चुलीपुढे बसलेल्या बाईकडे पाहण्याचे त्याला कारण नव्हते.

पेशवाईत येऊ. १७८३ मधल्या सवाई माधवरावांच्या लग्नाचा नाना फडणिसांनी केलेला बंदोबस्त मराठी वाचकाला परिचयाचा आहे. पंगती कशा बसवाव्या, पाने कशी मांडावी, वाढणाऱ्यांनी कसे वागावे, इथपर्यंत काळजी. पण ही काळजी शेकडो पानांच्या पंगतीची. लग्न आटोपल्यावर शनिवारवाड्याच्या भिंतीला लागून असलेल्या घरांत भात आणि कढी शिजतच राहिली, आणि त्या कढीच्या बंदोबस्ताला कागद लागत नव्हता.

बाइसांचा उपहार

या सगळ्या काळात रोजच्या स्वयंपाकाचा लेखी माग अजिबात नाही असे मात्र नाही. तो सापडतो, पण पाकशास्त्रात नव्हे. तेराव्या शतकाच्या अखेरीस म्हाइंभटांनी 'लीळाचरित्र' सिद्ध केले. चक्रधरस्वामींच्या सहवासात राहिलेल्यांकडे जाऊन, ज्याने जे पाहिले-ऐकले ते विचारून त्यांनी या आठवणी गोळा केल्या. त्या सांगणाऱ्यांत बायका पुष्कळ होत्या, आणि म्हणून मराठीतल्या अगदी पहिल्या गद्यग्रंथात चूल पेटलेली दिसते. बाइसा उपहार करीत आहेत, कुणी गावातून काही घेऊन आले आहे, स्वामींची आरोगणा व्हायची आहे, महदाइसा काही तरी विचारते आहे. धर्मचर्चा आणि जेवणाची तयारी एकाच दमात चालते. मराठी गद्याचा आरंभ दरबारात झाला नाही, तो अशा घरगुती संभाषणात झाला, हे आपण फारसे लक्षात घेत नाही.

आणि या आठवणींतही कृती नाही. पदार्थ आहे, तो कुणी केला ते आहे, कुणाला वाढला ते आहे. कसा केला ते नाही. ते सांगण्याची गरजच नव्हती. सांगणारीला येत होते, ऐकणारीला येत होते.

हे बोलणे किती ताकदीचे होते याचा पुरावा आपल्या ताटातच आहे. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतले आणि त्यानंतरच्या काळात अमेरिका खंडातली पिके या किनाऱ्यावर उतरली. मिरची आली, तिचे नाव आपण आपल्या जुन्या मिरीवरून पाडले. बटाटा, काजू, कोबी, पाव हे शब्द तर पोर्तुगीजच. भुईमूग आणि रताळे यांचेही मूळ त्याच खंडातले. साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंदही तिथलाच. आता एकादशीचे ताट डोळ्यांपुढे आणा : साबुदाण्याची खिचडी, दाण्याचे कूट, हिरवी मिरची, बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. सोवळ्यातल्या सोवळ्या दिवसाचे जवळपास सगळे जेवण परदेशी. उपवासाला काय चालते आणि काय चालत नाही यावर निबंधकारांनी पुष्कळ शाई खर्च केली. पण हे नवे जिन्नस आत आले ते, माझ्या मते, धर्मसभेच्या ठरावाने नव्हे, माजघरातल्या बोलण्यातून. 'आमच्याकडे चालतं' असे एकीने म्हणायचे आणि दुसरीने पुढच्या एकादशीला ते करून पाहायचे. एवढी मोठी उलथापालथ कागदाचा चिटोरा न वापरता पार पडली.

खुंट्याला दोन हात

हे बोलणे होत कुठे होते? विहिरीवर, नदीच्या घाटावर, उन्हाळ्यात वाळवणे घालताना. पापड एकटीने लाटायचा पदार्थ नव्हे. आज हिच्या घरी, उद्या तिच्या, असे आळीपाळीने पोळपाट-लाटणी घेऊन बायका जमत. पोरे लाट्या पळवीत. पापडखार किती, हिंग कुणाकडचा चांगला, कुरडईचा चीक कशाने चिघळला, हे ज्ञान त्या दुपारी हातोहात जात असे. पण सर्वांत महत्त्वाची जागा जाते. पहाटे दोघी समोरासमोर बसत, एकाच खुंट्याला दोघींचे हात, आणि दळता दळता ओवी.

साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये अशा ओव्या गोळा केल्या. पुढे हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्यातून हे काम फार मोठ्या प्रमाणावर केले. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांच्या संग्रहात आल्या. मराठी बाईने स्वतःच्या तोंडाने सांगितलेल्या घरसंसाराचा याहून मोठा दस्तऐवज माझ्या माहितीत नाही. त्यात माहेर आहे, भाऊ आहे, सासूची करडी नजर आहे, पंढरीची वाट आहे. पीठ दळताना गायिलेल्या या ओव्यांमध्ये पिठाचे काय करायचे ते मात्र क्वचितच येते. सुरुवातीला मला याचे आश्चर्य वाटले. मग उमगले की कामाची माहिती हातांमधून जात होती आणि तोंड मोकळे होते, म्हणून त्याला मन सांगता आले. स्वयंपाक आणि गप्पा हे दोन विषय नव्हतेच. एकाच्या आडोशाने दुसरे चालत होते.

असोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०-१९५१) यांचे उदाहरण घ्या. लिहिता-वाचता येत नव्हते. चूल, जाते, शेत, माहेर यांवर काम करता करता त्या गाणी रचत; मुलगा सोपानदेव आणि घरातल्या इतरांनी ती उतरवून घेतली, म्हणून १९५२ मध्ये पुस्तक झाले. तिथेही तेच घडले. घरात लिहिणारे कान होते म्हणून बोलणे उरले. ज्या घरांत असे कान नव्हते, तिथले पहाटेच्या पिठाबरोबरच उडून गेले.

पिठाची गिरणी आली आणि जाते कोपऱ्यात गेले. बाईचे कष्ट वाचले, आणि ते वाचायलाच हवे होते. दळणाच्या कष्टाचे गोडवे त्यांनी गाऊ नयेत ज्यांनी कधी खुंटा धरला नाही. आणि मी त्यांच्यापैकीच एक आहे. परंतु त्याबरोबर बसण्याची एक जागा गेली, याचीही नोंद व्हायला हवी.

छापील स्वयंपाक

मराठीत छापील पाकपुस्तक आले ते १८७५ मध्ये : रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे 'सूपशास्त्र'. लेखक पुरुष, नावात शास्त्र. त्या काळी सगळ्याच गोष्टींचे शास्त्र होत होते. व्याकरण, भूगोल, आरोग्य, तसा स्वयंपाक. स्त्रीशिक्षणाची चर्चा जोरात होती आणि शिकलेल्या बाईने घर कसे चालवावे हा सुधारकांच्या आणि सनातन्यांच्याही काळजीचा विषय होता.

विसाव्या शतकाच्या आरंभी लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र अथवा एक हजार पाकक्रिया' आले आणि चित्र बदलले. लेखिका बाई, आणि मुंबईची पाठारे प्रभू. त्यामुळे मासळी आली, मटण आले, साहेबी पद्धतीचे पदार्थही आले. पुस्तकाचे नाव पाहा : मित्र. शास्त्र नव्हे, गुरू नव्हे. शेजारी बसून सांगणाऱ्या मैत्रिणीची जागा पुस्तक घेऊ पाहत होते. मुंबईत त्या सुमारास नोकरदारांची बिऱ्हाडे वाढत होती. गावी सासू, जाऊ, आत्या राहिल्या आणि इथे दोन खोल्यांत एकटी मुलगी. बोलणे तुटले होते, म्हणून मित्र छापावा लागला.

पुढे १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून 'स्त्री' मासिक निघाले. तिथे पाककृती कथा-लेखांच्या शेजारी बसल्या. वाचक बायका पत्रे लिहीत, सल्ले देत, वाद घालत. पाणवठ्यावरची बैठक पोस्टाने भरू लागली, असेच म्हणायला हवे.

मात्र या जुन्या पुस्तकांतून कुणी आज स्वयंपाक करू पाहील तर अडेल ते मापावर. शेर, पायली, तोळा, रुपयाभार. शेर सगळीकडे सारखा नव्हता. मुंबईचा वेगळा, पुण्याचा वेगळा. रुपयाभार म्हणजे इंग्रजी अमदानीतल्या चांदीच्या रुपयाच्या वजनाएवढे, म्हणजे एक तोळा. ते नाणे चलनातून गेले आणि मसाल्याचे वजन त्याच्याबरोबर गेले. मग १९५६ मध्ये दशमान वजनमापांचा कायदा झाला, १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले आणि पुढच्या काही वर्षांत शेर-छटाक बाजारातून उठले. आईच्या वहीत एकाच चकलीच्या कृतीत डाळ शेरावर आणि तेल ग्रॅमवर आहे. सांगणारी जुनी आणि लिहिणारी नवी.

वाटी आणि चमचा

अशा वेळी, १९७० मध्ये, कमलाबाई ओगले यांचे 'रुचिरा' आले. कमलाबाई कुंडलच्या, जन्म १९१३ चा, शाळा चौथीपर्यंतची. ज्या मराठी घरात दुसरे एकही पुस्तक नसेल तिथेही 'रुचिरा' सापडते. लग्नात मुलीला ते देण्याची प्रथाच पडली. त्याच्या यशाची कारणे अनेक सांगितली जातात. माझ्या दृष्टीने दोन महत्त्वाची.

पहिले म्हणजे वाटी आणि चमचा. शेर गेला होता, ग्रॅम अंगवळणी पडला नव्हता आणि स्वयंपाकघरात तराजू कुणाकडेच नव्हता. वाटी मात्र प्रत्येकीकडे होती, आणि सगळे प्रमाण वाटीत असले की वाटी लहान की मोठी याने बिघडत नाही. चौथी शिकलेल्या बाईने हा प्रश्न असा सोडवला की सरकारी वजनमाप खात्यालाही जमला नसता.

दुसरे कारण त्याहून मोठे. 'रुचिरा'त साधी पोळी आहे, भाकरी आहे, पिठले आहे. म्हणजे जे आईच्या वहीत नाही ते. पोळी कशी लाटावी हे पुस्तकात लिहावे लागते, याचा अर्थ पोळी लाटणारीच्या शेजारी कुणी उरलेले नाही. १९७० पर्यंत प्रेशर कुकर आला होता, गॅस येत होता, मुली शिकून नोकरीला लागल्या होत्या. ब्लॉकमध्ये दार लावून घेतले की विचारायला माणूस नाही. कमलाबाईंनी ती रिकामी जागा ओळखली.

परंतु इथे मला माझ्याच मांडणीला थोडे अडवावे लागते. माणूस नव्हते म्हणून पुस्तक आले, हे निम्मे खरे. माणूस होते, पण विचारायची सोय नव्हती, हे उरलेले निम्मे. लक्ष्मीबाई टिळकांचे 'स्मृतिचित्रे' वाचा. वडिलांचे सोवळे एवढे की बाजारातून आणलेले मीठसुद्धा धुऊन घ्यायचे. लक्ष्मीबाई हे हसत हसत सांगतात, पण ते मीठ धुणाऱ्या हातांना हसू येत असेल काय? माजघरातले बोलणे नेहमी प्रेमाचे नव्हते. सासूच्या हाताखाली शिकणे म्हणजे पुष्कळदा शिव्या खात शिकणे. बायका शेवटी जेवायच्या, उरेल ते जेवायच्या. विधवेने केलेले कशाला चालायचे आणि कशाला नाही याचे नियम वेगळे. माझ्या एका आत्याने मला सांगितले होते की तिने लग्नानंतरची पहिली दोन वर्षे 'रुचिरा' ट्रंकेत साड्यांखाली लपवून ठेवले होते. पुस्तक पाहून स्वयंपाक करते म्हटले असते तर माहेरचा उद्धार झाला असता. तिच्यासाठी ते पुस्तक म्हणजे कमीपणा न घेता विचारण्याची जागा होती. छापील पान टोमणा मारत नाही.

पुस्तकाबाहेरची चूल

आणखी एक गोष्ट या परंपरेत खटकते. गुप्त्यांपासून पुढे ही जी पुस्तके झाली, ती ज्या घरांत झाली ती घरे मोजकीच. बोलण्याला गावकुसाच्या सीमा होत्या. एका विहिरीवर पाणी भरता येत नाही म्हटल्यावर एका विहिरीवर गप्पा कुठून होणार? चुलीपाशी तर यायचेच नाही. म्हणून मराठी स्वयंपाक म्हणून जे छापले गेले त्यात महाराष्ट्राचा मोठा भाग आलाच नाही. खार लावून वाळवलेल्या मांसाच्या चान्या, रक्ताचा पदार्थ, रानातल्या भाज्या, कण्या, आंबील, येसराची आमटी यांना पाककृती म्हणायला कुणी तयार नव्हते. दया पवारांच्या 'बलुतं'पासून (१९७८) दलित आत्मकथनांनी भूक आणि अन्न मराठी वाचकासमोर ठेवले. पण तिथेही अन्न येते ते आठवणीच्या ओघात. शाहू पाटोळे यांनी २०१५ मध्ये 'अन्न हे अपूर्णब्रह्म' लिहिले तेव्हा मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या ताटाला प्रथमच हक्काचे पुस्तक मिळाले. शीर्षकातला तो एक 'अ' पुष्कळ काही बोलतो. आपण ज्याला पूर्ण म्हणत होतो ते पूर्ण नव्हते.

१९७२ च्या दुष्काळाचीही गोष्ट अशीच. 'रुचिरा'ची आवृत्ती घराघरांत जात होती त्याच वर्षांत रोजगार हमीच्या कामांवर खडी फोडणाऱ्या बायका परदेशातून आलेली मिलो ज्वारी रांधत होत्या. तांबडी, कडवट, थापायला नाठाळ. तिची भाकरी मोडू नये म्हणून गरम पाणी किती घालायचे, पीठ कसे मळायचे, हे त्या एकमेकींकडून शिकल्या. पोरांसाठी सुकडी आली. त्या पिढीतली माणसे आजही 'मिलो' म्हटले की तोंड वाकडे करतात आणि पाठोपाठ ती कशी खाण्याजोगी केली जायची ते सांगू लागतात. मिलोच्या भाकरीची कृती मला एकाही पाकपुस्तकात सापडली नाही. लाखो घरांत ती झाली होती. रोजच्या स्वयंपाकाचा इतिहास म्हणतात तो हा, आणि तो सांगणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहेत.

किती जण आहात?

वहीकडे परत येतो. आईला पिठले लिहायचे सुचले नाही कारण ते विसरण्याची शक्यता तिला दिसत नव्हती. बहिणीला तिने शिकवले असणार, मला नाही. मी स्वयंपाकघरात रेंगाळलो की 'तुझं काय काम इथे' म्हणून बाहेर घालवले जाई. ताट वाढल्यावर यायचे. मुलगा असल्यामुळे मी त्या बोलण्याच्या बाहेर होतो आणि आता, बासष्टाव्या वर्षी, जुनी पुस्तके चाळून ते शोधतो आहे. त्यात अन्याय कुणावर झाला याचा हिशोब सरळ नाही. चूल तिच्या गळ्यात पडली. चुलीपाशी चाललेल्या गोष्टी मला मिळाल्या नाहीत.

गेल्या पावसाळ्यात मी आईच्या धाकट्या बहिणीला फोन केला. ती ८४ वर्षांची आहे. म्हटले, "मावशी, आईच्या पिठल्याची कृती सांग. मी लिहून घेतो."

ती म्हणाली, "लिहायचं काय त्यात? किती जण आहात जेवायला?"

मी म्हटले, पाच.

"ताक आहे का घरात?"

नव्हते.

"मग कोकम टाक एखादं. भात आहे की भाकरी? भाकरी असेल तर सैल नको. आणि भाकरी तव्यावर असतानाच पीठ लाव, आधी करून ठेवू नकोस, त्याचा गोळा होतो. तुझी आई लसूण ठेचून घालायची. मी चिरते. यावरून आमचं दर वेळी व्हायचं." मग ते कसे व्हायचे ते सांगितले. त्यावरून आजोळच्या चुलीचा वैल कसा धुमसायचा ते आले, तिथून आजीचे डोळे, तिथून आजोबांचा राग, आणि १९५८ साली घरात प्राथमिक शाळेतल्या मास्तरीणबाई भाड्याने राहायला आल्या तेव्हा दोघी बहिणी त्यांच्याकडे जाऊन गुपचूप चहा कशा प्यायच्या, ते. शेवटी माझ्या सुनेची चौकशी झाली. चाळीस मिनिटे बोलणे झाले असेल. त्यात पिठले चार मिनिटांचे होते.

वाटी-चमच्याने स्वयंपाक कुणालाही खुला केला, आणि त्याबद्दल कमलाबाईंचे उपकार आहेत. पण पुस्तकाला 'किती जण आहात' असे विचारता येत नाही. घरात काय आहे, भात की भाकरी, हे त्याला कळत नाही. मावशीच्या सांगण्यात प्रमाण एकदाही आले नाही आणि तरी तिने सांगितलेले अचूक होते, कारण ती माझ्या घराला माप लावत होती.

त्या रात्री मी पिठले केले. थोडे घट्ट झाले, पण पाचही जणांनी खाल्ले. मग आईच्या वहीतले शेवटचे कोरे पान काढून वर लिहिले, 'मावशीचे पिठले'. खाली साहित्य लिहिले : पाच जण, ताक नाही, भाकरी तव्यावर. आणि त्याखाली लसणीवरून दोघी बहिणींचे जे व्हायचे ते, आठवेल तेवढे, सगळे लिहून काढले. पान पुरले नाही. मागच्या पुठ्ठ्यावर पूर्ण केले.